भातातल्या खड्याचा पत्ता

मुचकुंदराजाला कविता करायचा नाद होता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्याकडे मोबाइल होता. रोज सकाळी तो नगराच्या गटावर एक कविता टाकी. प्रजा शहाणी. न वाचताच हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी होई. पण 'भातातला खडा' असं नाव घेतलेलं कुणीतरी रोज उत्तर धाडी, "यमक जुळलं, अर्थ मात्र वाटेत सांडला."

राजाला अन्न गोड लागेना. भर दरबारात तो गरजला, "हा खडा सापडू दे, मुंडण करून गाढवावरून धिंड काढतो त्याची!"

दरबारचे जाणकार चार दिवस डोकं खाजवत बसले. निरोप आधी ॲपवाल्या कंपनीच्या यंत्राकडे जायचा, तिथून राजाकडे. त्यामुळे त्यांना पत्ता सापडला तो कंपनीचा, सातासमुद्रापलीकडचा.

मग राजाने राजवाड्यातले संगणक सांभाळणाऱ्या हौसाला बोलावलं. "उद्या दुपारपर्यंत त्या खड्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या यंत्राचा आकडा, आण. नाहीतर नोकरी गेली समज."

हौसाच्या एकटीच्या पगारावर घरातली पाच तोंडं जेवत होती. तिने जरा विचार केला नि म्हणाली, "म्हाराज, तुमच्या समद्या कविता तुमच्याच आवाजात भरून द्या."

राजा असा खुलला, की रात्रीचं जेवण विसरून त्याने सातशे कविता म्हटल्या.

हौसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बारका निरोप कंपनीमार्फत जातो, पण एवढं मोठं बाड धाडलं, की हे ॲप दोन यंत्रांची थेट गाठ घालून देतं. थेट गाठ पडली, की समोरच्याचा पत्ता दिसलाच. तिने राजाच्या नावाने ते बाड खड्याला धाडलं नि लिहिलं, "दम असेल तर सगळ्या ऐक." नावं ठेवणाऱ्याला एवढं आवतण पुष्कळ झालं. खड्याने बाड उतरवून घेतलं.

पडद्यावर आकडा उमटला आणि हौसाला घाम फुटला. तो आकडा तिनेच वाड्यातल्या एका संगणकाला दिलेला होता. संगणक मासाहेबांचा, म्हणजे राजाच्या आईचा! खात्री करायला ती त्यांच्या खोलीच्या दाराला बराच वेळ कान लावूनही आली; आत राजाच्याच कविता चालल्या होत्या. आता सांगावं तर म्हातारीच्या डोक्यावर वस्तरा, न सांगावं तर घरची चूल बंद.

दुपारी दरबार भरला. राजाने विचारलं, "सापडला?"

"गावला, म्हाराज. पत्ता ह्याच वाड्यातला हाय."

"माझ्या वाड्यात? कुठली खोली? गाढव तयार आहे!"

"गाढवाचीच पंचाईत हाय, म्हाराज. त्या खोलीत तुमी सोता पायताण भायेर काढून जाता. आत गेलं की पयलं वाकून पाया पडता. तितं गाढव न्यायचं कुनी, तेवढं सांगा. मी दार दावते."

प्रधान छताकडे बघू लागला. राजाचे कान लाल झाले, मग हळूहळू त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो पोट धरून हसत सुटला. गळ्यातला कंठा काढून त्याने हौसाच्या हातात दिला, पगारही दुप्पट केला. मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाला, "ते जाऊ दे. आईसाहेबांनी सातशेच्या सातशे ऐकल्या का गं?"

"अकरावीपतुर जाग्या हुत्या, म्हाराज. मंग घोरायचाच आवाज आला."