रक्त गेले कुठे?

वृद्ध गुरूंच्या दवाखान्यात बसून वैद्यकी शिकणाऱ्या एका तरुण डॉक्टरकडे एकदा एक तांबट आला. नाव मुकुंदराव, वय साठीचे, सारा जन्म हंडे-घागरी ठोकण्यात गेलेला. चार पायऱ्या चढताना धाप लागे, नखे पांढरीफटक पडलेली. तपासणीत हिमोग्लोबिन सात निघाले. शिष्याने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि शौचाला काळे झाले तर घाबरू नका, ते गोळ्यांमुळेच होते, असेही सांगितले. आता हे काही खोटे नव्हे, लोहाने तसे होतेच.

दोन महिन्यांनी आकडा साडेनऊवर गेला. मुकुंदराव पेढे घेऊन आले. शिष्याला कोण आनंद! गुरूंनी मात्र कागद पाहिला आणि म्हणाले, "गोळ्या चार दिवस बंद करा. चक्कर आली तर तडक इकडे या."

शिष्य मनातून चिडला. गुण येत असताना औषध काढून घ्यायचे, ही कुठली रीत? पाचव्या दिवशी मुकुंदराव आले. शौच अजूनही काळेच होत होते, डांबरासारखे चिकट. गुरूंनी त्यांना जवळ बसवून विचारले, दिवसभर हातोडा चालवता, खांदे दुखत नाहीत का? दुखतात की, मुकुंदराव म्हणाले, म्हणून तर आमच्या आळीत सगळेच सकाळी उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेऊन कामाला बसतात. बारा वर्षे हे चालले होते. गुरूंनी त्याच दिवशी त्यांना इस्पितळात धाडले. पोटात दुर्बीण घालून पाहिले, तर दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात व्रण पडला होता आणि त्यातून रक्त झिरपत होते.

शिष्याचा चेहरा पार उतरला. गुरू म्हणाले, "अरे, पांढरेपणा हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. साठीच्या माणसाचे रक्त कमी झाले, तर ते गेले कुठे, हे आधी शोधायचे. तू वरून भरत होतास आणि खाली गळत होते. लोहाच्या गोळ्यांनी आकडा सुधारला, आणि जठरातले रक्त खाली उतरताना काळे पडते, तो काळा रंग त्या गोळ्यांच्या नावावर खपून गेला."

"मी असाच खूश राहिलो असतो तर?"

"तर एक दिवस मुकुंदराव रक्त ओकून पडले असते. कदाचित वाचलेही नसते."

संध्याकाळी शिष्य इस्पितळात गेला. मुकुंदरावांच्या खाटेशी बसून त्याने चूक माझी आहे, असे सरळ सांगितले. मुकुंदरावांनी त्याचा हात हातात घेतला.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं हो. ती गोळी औषधात धरायची, हे आम्हाला कुठं ठाऊक?"

शिष्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तांबट आळीत गेला आणि दारोदार एकेकाची नखे पाहत, गोळीची चौकशी करत फिरू लागला. तिसऱ्याच घरी एका म्हाताऱ्याने हात पुढे केला. नखे पांढरी होती.