हाताखालचं पान

"...आणि पाच पाच वेळा वाचूनही ऐन पेपरात आठवत नाही, असं का होतं, गुरुजी?"

दस्तगीर गुरुजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी राहायचा आणि शब्द ऐन वेळी दडून बसायचे. एकतीस वर्षं ज्यांनी गावाला बोलायला शिकवलं, त्यांच्यावरच ही वेळ यावी, याचा आम्हा सगळ्यांना राग होता. तो कुणावर काढावा, ते मात्र कळत नव्हतं.

विचारणारी ऋतुजा घोरपडे. चौथीपर्यंत गुरुजींच्याच हाताखाली शिकलेली, नववीपर्यंत वर्गात पहिली, आणि या गोष्टीची तिला पुरेपूर जाणीव. दहावीच्या पूर्वपरीक्षेत मात्र चोपन्न टक्के पडले. वडिलांनी सांगून टाकलं होतं, बोर्डात सत्तरच्या आत आलीस तर तालुक्याचं कॉलेज विसर. बोर्डाला अठरा दिवस उरले होते.

गुरुजींनी डाव्या हाताने पुस्तकाकडे बोट केलं. तिने विज्ञानाचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवलं. पान न् पान पिवळं. महत्त्वाच्या ओळी रंगवता रंगवता तिने बिनमहत्त्वाचं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

"हळद..." गुरुजी म्हणाले. डाव्या गालावर हसू आलं. "हळद लागली... याला."

ऋतुजा हसली नाही.

"वर्गात माझ्याइतकं कुणी वाचत नाही, गुरुजी. वाचताना सगळं येतं मला. खरंच येतं. पेपर समोर आला की ते पान दिसतं, पिवळा रंग दिसतो... अक्षरं नसतात."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं.

"पोरी... तू..." ओठ हलले. थांबले. "तू ना..."

ते तिचं नाव शोधताहेत, हे तिच्या लक्षात आलं. पट न उघडता अख्ख्या वर्गाची हजेरी घेणारे गुरुजी. तिला फार वाईट वाटलं. तिने नाव सांगायला तोंड उघडलं.

गुरुजींचा डावा हात वर झाला. इतका चटकन, की ती गप्पच झाली.

"नको."

सूनबाई, शमीमवहिनी, चहा घेऊन बाहेर आल्या होत्या.

"अब्बांना अडलेला शब्द द्यायचा नाही, बाळ. रागावतात," त्या म्हणाल्या. "आधी आम्ही द्यायचो. अडले की लगेच. बघवायचं नाही ना. दिवसातून दहा वेळा 'कुलूप' सांगितलं, संध्याकाळी विचारलं तर गेलेलं. 'चमचा' मात्र त्यांचा त्यांनी शोधला. पाऊण तास लागला. माझी भाकरी करपली. पण तो चमचा अजून आहे."

"पाऊण तास? आणि तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? बसले."

गुरुजींनी चहाचा एक घोट घेतला. मग डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरला, उचलला आणि उघड्या पानावर नेऊन ठेवला. पान झाकलं गेलं. वरचं ठळक शीर्षक तेवढं दिसत राहिलं. निकटदृष्टिता.

"सांग."

"हे? हे येतं मला. एकदा नजर टाकते फक्त. हात काढा ना, गुरुजी."

"हा... हलत नाही," गुरुजी म्हणाले.

तेही खोटं नव्हतं. शमीमवहिनींनी पदराआड हसून घेतलं.

ऋतुजा त्या हाताकडे बघत सुरू झाली. "जवळचं नीट दिसतं. लांबचं अंधुक दिसतं. कारण प्रतिमा... प्रतिमा..."

अडली.

चहावर साय धरली. तिने एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. गुरुजी अंगणातल्या शेवग्याकडे बघत होते, जणू दुपारभर त्यांना दुसरं कामच नव्हतं.

"येत नाही," ती शेवटी म्हणाली. डोळे भरून आले होते. "मला येत नाही, गुरुजी."

हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत असावी.

"हं," म्हणून गुरुजी खुर्चीत आणखी ऐसपैस झाले.

ती पुन्हा त्या हाताकडे बघू लागली.

"पडद्यावर पडत नाही," ती हळूच म्हणाली. "दृष्टिपटलाच्या... अलीकडे पडते. अलीकडेच. मग बहिर्गोल भिंग... नाही. थांबा. ते किरण अजून गोळा करेल, प्रतिमा अजून अलीकडे येईल." तिने नाक पुसलं. "अंतर्गोल. अंतर्गोलच लागणार."

पूर्वपरीक्षेत तिने बहिर्गोल लिहिलं होतं.

गुरुजी शाबास म्हणाले नाहीत. त्यांनी हात उचलून तिला पान बघू दिलं, पान उलटवलं आणि हात पुन्हा ठेवला.

"पुढचं."

ओसरीवरचं ऊन अंगणात उतरेपर्यंत हे चाललं. सात प्रश्न झाले. तीन आलेच नाहीत. न आलेल्याला गुरुजी हात उचलायचे, ती वाचायची, हात पुन्हा पानावर. मग तोच प्रश्न, पहिल्यापासून. ओळी रंगवायचं पिवळं पेन मात्र तिने पिशवीतून बाहेर काढलं नाही.

"उद्या येऊ?"

गुरुजींनी मान हलवली. तिने वाकून नमस्कार केला, चपला घातल्या, आणि पुटपुटत, बोटांवर काहीतरी मोजत फाटकापर्यंत गेली.

"अगं..." मागून आवाज आला.

ती थांबली. हात कडीवर तसाच राहिला.

"अगं..."

गुरुजी काय शोधताहेत, ते तिला कळलं. नाव तिच्या ओठांवर होतं. ती वळली नाही. दारात शमीमवहिनी कपबशी धरून तशाच उभ्या राहिल्या. शेजारची बाई दोरीवरचे कपडे काढून आत गेली. ऋतुजाने ओठ घट्ट मिटून धरले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने वाहू दिलं.

"...ऋतुजा," गुरुजी म्हणाले. "पुस्तक विसरलीस."