हिरवा राघू, पिवळा राघू

ज्या काळाची वर्षे मोजायला आता कुणीच उरलेले नाही, त्या काळातली ही गोष्ट.

एका राज्यातले कारागीर चांगला अडकित्ता घडवायचे विसरले होते. नव्या अडकित्त्याने सुपारी कातरायला घेतली की तिचा भुगा व्हायचा. राजाने दवंडी पिटवली, "ज्यांच्या घरी जुने, अस्सल अडकित्ते असतील त्यांनी ते घेऊन यावे. जो सर्वांत उत्तम ठरेल, त्याच्यावरून नवे घडवू."

निवाडा वृद्ध राजपारखी करणार होते. ते बोलण्याआधी शिष्यांनी तोंड उघडायचे नाही, आणि ते बोलल्यावर तर मुळीच नाही, अशी तिथली रीत होती. दुसरी रीत त्याहून कडक. पारख्यांनी खोटी ठरवलेली वस्तू लगेच भट्टीत टाकायची, म्हणजे ती पुन्हा कुणाला फसवणार नाही.

शेवटी दोन अडकित्ते उरले. दोन्ही पितळी, दोन्ही राघूच्या आकाराचे. एक व्यापाऱ्याने आणलेला, हिरवट, काळवंडलेला. दुसरा एका खेडवळ बाईचा, पिवळाधमक.

पारख्यांनी आसनावरूनच नजर टाकली. "हिरवा तो जुना. पिवळा कालपरवाचा. टाका भट्टीत."

"अहो, असं काय करता!" बाई ओरडली. "माझ्या आजेसासूचा आहे तो. डावखुरी होती म्हातारी. तिच्यामागे सासूबाई आणि सासूबाईंमागे मी, रोज त्यानेच सुपारी कातरतो आम्ही."

"रोज वापरता, तर इतका नवा कसा?"

"नवा नाही हो, घासलेला! चिंच लावून लख्ख घासते. पितळ हिरवं पडू दिलं असतं, तर सासूबाईंनी मला नांदवलं असतं का?"

दरबार खो खो हसला. सेवकाने पिवळा राघू चिमट्यात धरला आणि भट्टीकडे नेला. बाईने पदर तोंडाला लावला.

"थांबा!"

पारख्यांची सर्वांत धाकटी शिष्या, ठकू, पुढे आली होती.

"ठकू, मोठ्यांपुढे बोलतेस?"

"मग कुणापुढे बोलू, आबा? भट्टीपुढे? तो वितळल्यावर?" तिचा आवाज चढला. "वस्तू हातात घेतल्याशिवाय मत द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? आज तुम्ही आसन सोडलंच नाहीत."

ठकूने सेवकाच्या चिमट्यातला पिवळा आणि समोरचा हिरवा, दोन्ही अडकित्ते घेऊन गुरूंच्या हातात दिले.

"हिरव्याचा खिळा बघा, जरासुद्धा ढिला नाही. अंगठा टेकतो तिथेही हिरवा थर तसाच आहे. रोज हात लागला असता, तर तिथे तो टिकला असता का? हा हिरवेपणा मुद्दाम चढवलेला आहे. आता पिवळा बघा."

पारख्यांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. राघूच्या एका अंगाला उथळ खळगा लागला, नेमका डाव्या अंगठ्याचा. दुसऱ्या अंगाला खोल खळगा होता, उजव्याचा. आधी आजेसासू, मग सासू आणि सून. पाते धार लावून लावून बारीक झाले होते.

त्यांनी सुपारी मागवली. हिरव्या राघूने तिचा चुरा केला. पिवळ्याने कागदासारखी पातळ कातरण काढली. व्यापारी मान खाली घालून सटकला.

मग म्हातारे पारखी आसनावरून उठले आणि म्हणाले, "महाराज, चुकलो. माझ्या शब्दाला मान मिळत गेला आणि माझे हात वस्तूला लागेनासे झाले. ही भट्टी विझवा. हिरवा राघूही ठेवून घ्या, खोटे कसे असते ते शिष्यांना शिकवायला तो कामी येईल. आणि यापुढे पहिलं मत सर्वांत धाकट्याचं."

"आणि माझा अडकित्ता?" बाईने विचारले.

"कारागिरांनी त्याचा घाट उतरवून घेतला, की तो तुमच्या घरी येईल," राजा म्हणाला.

"लवकर पाठवा हो. जेवणानंतर चुकल्यासारखं होतं."

वर्ष सरायच्या आत त्या राज्यात घरोघरी पातळ सुपारी कातरली जाऊ लागली. राजपारखी ठकूशेजारी जमिनीवर बसत, एकेक वस्तू हातात घेत आणि आधी तिला विचारत, "बोल पोरी, काय वाटतं?"

बोध: मान वयाला द्यावा, पण विश्वास ठेवावा तो प्रत्येक वेळी वस्तू नव्याने हातात घेऊन पाहणाऱ्यावर.