धोंडोपंतांचा पेला

जिथे समुद्राचा वारा आंब्याच्या कलमांना जोजवतो आणि संध्याकाळी आभाळ अबोलीच्या रंगाचं होतं, अशा एका गावात बकुळा नावाची चिमुरडी राहत होती. तिची आई, गिरिजा, रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांमध्ये माती भरायची. घर एवढंसं, आणि घरातलं सगळं कुणी ना कुणी दिलेलं. फ्रॉक मामेबहिणीचा, दप्तर शेजारच्या दादाचं. पाणी प्यायचा पेलासुद्धा! भांड्यांवर नाव घालतात ना, तसं त्याच्या पोटावर टिपक्याटिपक्यांनी कोरलेलं होतं, 'कै. धोंडोपंत यांच्या स्मरणार्थ, पत्नी भागीरथीकडून.' हे धोंडोपंत कोण, ते आईलाही ठाऊक नव्हतं. शाळेतल्या पोरांना मात्र आयतंच सापडलं. "काय धोंडोपंत, तहान लागली वाटतं?" असं ती बकुळाला चिडवायची. बकुळा वरवर हसायची, पण तिला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी इंग्रजीच्या तासाला वत्सलाबाई म्हणाल्या, "'माय' हा शब्द अगदी तान्हा आहे बरं का. त्याला कुणाचं तरी बोट धरावं लागतं. माय पेन, माय बुक. आणि 'माईन' झालाय मोठा, तो एकटा उभा राहतो. धिस इज माईन! तसंच युअर आणि युअर्स, हर आणि हर्स, अवर आणि अवर्स. उद्या प्रत्येकाने स्वतःची एक वस्तू आणायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं."

बकुळाला प्रश्न पडला. स्वतःची वस्तू आणायची कुठून? पेला काढावा, तर सगळा वर्ग धोंडोपंतांच्या नावाने खिदळणार.

शाळा सुटल्यावर ती आईची वाट बघत रोपवाटिकेत बसली. गुलाबी, जांभळी, पिवळी फुलं उन्हात डुलत होती. तेवढ्यात वरच्या हिरव्या जाळीत काहीतरी लुकलुकलं. बकुळा पालथ्या कुंडीवर चढली आणि बघतच राहिली. इवलीशी परी! तिचा मोरपंखी पंख जाळीत अडकला होता आणि सुटायची धडपड करून ती दमली होती.

"हलू नकोस हं," बकुळा हळूच म्हणाली. चिमुकल्या बोटांनी तिने एकेक धागा सोडवला. परी अलगद तिच्या तळहातावर उतरली. बकुळाने पेल्यात पाणी आणून तिच्यापुढे धरलं.

परी घोटघोट पाणी प्यायली. मग तिने पेल्यावरची अक्षरं वाचली.

"या भागीरथीबाई फार चांगल्या असणार," ती म्हणाली. "त्यांनी पेला दिला, म्हणून आज मला पाणी मिळालं. तुला काय हवं, बाळ?"

"माझ्या पेल्यावर माझं नाव हवं," बकुळा पटकन म्हणाली. "उद्या मला वर्गात सांगायचंय, धिस इज माईन."

परीने आपल्या केसांतून सोनेरी उजेडाची एक सुई काढली. "हिने तुझं तूच लिही. पण नियम ऐक. हिच्यात तीनच नावं आहेत. वस्तू ज्याची, त्याचंच नाव उमटेल, खोटं उमटणार नाही. आणि लिहिलेलं कधी पुसलं जाणार नाही." एवढं बोलून ती फुलांत दिसेनाशी झाली.

बकुळा पेल्यावर लिहिणार, इतक्यात आई आली. आईच्या तळव्यांना फोड आले होते. "माझी खुरपी बायका उचलून नेतात गं," आई म्हणाली. "मग माझ्या वाटेला बोथट येते. आज कशीबशी मागून आणली. उद्या परत तेच."

बकुळाने खुरपीच्या मुठीवर लिहिलं, 'गिरिजा'. अक्षरं काजव्यांसारखी चमकली आणि खुरपीला लखलखीत धार आली. आई डोळे विस्फारून बघतच राहिली. हर्स, बकुळा मनात म्हणाली. अजून दोन नावं होती, पेल्याला कसली घाई?

सकाळी शाळेच्या वाटेवर तिची मैत्रीण सईदा रडत उभी होती. तिच्या हातातला गुलाबी शिंपला वर्गातला दिगंबर ओढत होता. "माझाय तो!" दिगंबर ओरडला. पण शिंपला किनाऱ्यावर सईदालाच सापडला होता. तेव्हा बकुळा तिच्यासोबत होती.

"मग तुझं नाव उमटतंय का बघू," बकुळा म्हणाली. तिने शिंपल्यावर 'दिगंबर' लिहून पाहिलं. काहीच उमटलं नाही, म्हणजे नाव खर्चही झालं नाही. 'सईदा' लिहिलं, तर शिंपला आतून चांदण्यासारखा उजळला. दिगंबर खाली मान घालून निघून गेला. "युअर्स," बकुळा सईदाला म्हणाली. आता एकच नाव उरलं होतं आणि ते पेल्याचं, हे तिने पक्कं ठरवलं.

शाळेच्या फाटकाशी एक कुत्र्याचं पिल्लू थरथरत बसलं होतं. शिपाई गणूकाका पोतं घेऊन उभे होते. "कुणाचं रे हे? कुणाचंच नसेल तर लांब सोडून येतो."

पिल्लू बकुळाच्या पायाशी येऊन बिलगलं. तिने दप्तरातला पेला चाचपला. तिला रडूच आलं. पेल्यावर नाव नसलं तरी पेला कुठे जाणार नव्हता, पिल्लू मात्र जाणार होतं. तिने केसांतली लाल रिबीन सोडून पिल्लाच्या गळ्यात बांधली. 'बकुळा' लिहावं? पण तिच्या घरी दोघींनाच पुरेसं नसायचं. 'आमचं' लिहिलं तर कुणीतरी बाहेर राहतं. तिने लिहिलं, 'आपलं.'

रिबीन झगमगली आणि सुई विझली. "आपलं?" गणूकाका डोकं खाजवत म्हणाले. "म्हणजे माझंपण? मग ठेवायलाच हवं की!" त्यांनी पोतं खाली टाकलं.

वर्गात सईदा ऐटीत म्हणाली, "धिस इज माय शेल. धिस शेल इज माईन." मग बकुळाची पाळी आली.

"बाई, तो शिंपला हर्स आहे," ती चाचरत म्हणाली. "बाहेरचं पिल्लू अवर्स आहे. आणि माझ्याकडे... हा पेला आहे."

"धोंडोपंत!" मागून कुणीतरी हसलं. बकुळाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात खिडकीत मोरपंखी पंख चमकले. ते बकुळाशिवाय कुणालाच दिसले नाहीत. "तिन्ही नावं तू दुसऱ्यांना दिलीस, वेडाबाई," परी कुजबुजली. "आता हे माझ्याकडून." तिने बोट फिरवलं आणि पेल्यावर टिक टिक टिक सोनेरी टिपके उमटू लागले. मग परी हसली आणि बघता बघता नुसता उजेड झाली. कोवळ्या, केशरी उजेडाने सगळा वर्ग न्हाऊन निघाला.

बाईंनी पेला हातात घेऊन मोठ्याने वाचलं, "'चि. बकुळा हिला, तिच्या परीकडून.'"

सगळी पोरं माना उंचावून पेल्याकडे बघू लागली. वरची जुनी अक्षरंही तशीच होती. बकुळाने त्यांच्यावरून मायेने बोट फिरवलं. भागीरथीबाईंनी दिलेला पेला, परीने घातलेलं नाव.

"धिस इज माईन," ती म्हणाली.

हा शब्द एकटा उभा राहतो, असं बाई म्हणाल्या होत्या. बकुळाला मात्र तो मुळीच एकटा वाटला नाही.