अर्लनं वाजवलेलं दार

बेल्जियममधल्या एका खेड्यात, दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या कबरी आहेत. गावातलं एकेक घर एकेक कबर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतं. नव्वदीच्या गोडलीव्ह आजींकडे अर्ल नावाच्या जवानाची कबर होती.

एकदा स्मृतिदिनाला अमेरिकेचे सिनेटर व्हिटकोम तिथं आले. भाषण करता करता त्यांचा आवाज चढला. "तुम्हा युरोपवाल्यांना प्रत्येक गोष्टीत चर्चा हवी! ज्याच्या मनगटात जोर आहे, त्यानं विचारत कशाला बसायचं? आम्ही ठरवू, तुम्ही मागून यायचं. की आमचे उपकार विसरलात?"

गावकरी पेचात पडले. मागून यायला नाही म्हणावं तर कृतघ्न, हो म्हणावं तर मिंधे. महापौर नुसते घाम पुसत राहिले.

आजी हातातली फुलं सावरत उठल्या. "विसरेन कशी, साहेब? आधी जर्मन सैन्य आलं, त्यानं आमचं दार लाथ मारून उघडलं. चार वर्षांनी अर्ल आला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्याच्याही खांद्याला बंदूक होती. पण त्यानं दार वाजवलं आणि माझ्या आईला विचारलं, 'आत येऊ का?' जोर दोघांच्याही मनगटात होता, साहेब. आम्ही फुलं कुणाला वाहतो, ते तुम्हीच बघा."

सिनेटरांनी भाषणाचा कागद खिशात घातला. टोपी काढून ते कबरीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "आजी, मीही एक फूल वाहू का?"

आजींनी अर्धा गुच्छ त्यांच्या हातात दिला. "वाहा की! आता कसे अर्लच्या गावचे वाटलात."