बिनधुराचं बेट

एक होतं बेट. कुंदे, लाथा झाडू नकोस. आणि विनू, भिंतीकडं तोंड करून रुसलास तरी कान इकडंच ठेव. भांडलात, ताटावरून उठलात, आता झोप कशी लागणार? ऐका.

तर हे बेट एवढंसं, की या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा माणूस ओ द्यायचा. पण ते स्वतंत्र राज्य होतं, बरं का. सगुणा नावाची म्हातारी राणी होती. सैन्य नव्हतं, तोफा नव्हत्या. एक रीत होती फक्त. समुद्रात कुणी अडकलेलं दिसलं, आपलं असो की परकं, तर ते किनाऱ्याला लागेपर्यंत बेटावर कुणी चूल पेटवायची नाही. आलेल्याला पानावर बसवायचं, मग आपण जेवायचं. दूरदूरच्या खलाशांना ठाऊक होतं, बेटावरून धूर निघाला म्हणजे सगळे सुखरूप.

मग काय झालं, दोन मोठे राजे भांडले. कशावरून? तर समुद्र कुणाचा यावरून. समुद्र कधी कुणाचा असतो का? पण मोठी माणसंही तुमच्यासारखीच. दोघांची गलबतं बेटासमोरच येऊन भिडली.

झालं, बेटावरच्या चुली थंड पडल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. माणसं खोबरं चघळायची, शहाळ्याचं पाणी प्यायची. पण कुणाला चैन पडेना. बायका दारात उभ्या राहायच्या, आत जायच्या, पुन्हा बाहेर यायच्या. राणी तर वाळूत येरझाऱ्या घालून थकली.

मग एका राजाचा प्रधान आला. म्हणाला, "राणीसाहेब, हे तांदूळ घ्या आणि चुली पेटवा. आमचं भांडण ते आमचं."

राणी म्हणाली, "माणसं आली की पेटवू."

मग दुसऱ्या राजाचा सेनापती आला. तो गुरकावला, "आमचे खलाशी लढायचं सोडून तुमच्या छपरांकडं बघत बसतात. धूर काढा, नाहीतर घरंच पेटवून देऊ."

राणी घाबरली, खोटं कशाला सांगू. पण म्हणाली, "माणसं आली की पेटवू."

मग तिसरं आलं, ते सगळ्यांत अवघड. तिची नात पदर ओढत म्हणाली, "आजी, ऊन ऊन भात दे ना." राणी उठून आत गेली. ती चुलीपाशी बसली. काटक्या रचल्या, पलिता हातात घेतला. पण दारातून शिडं दिसत होती. तिथंही कुणाची तरी नातवंडंच होती. तिनं पलिता पाण्यात बुडवला, नातीला पोटाशी धरलं आणि दोघी रडल्या.

त्याच संध्याकाळी एका गलबतावरच्या आचाऱ्यानं बेटाकडं पाहिलं. धूर नाही. मागं कधी वादळात सापडून तो तिथं जेवला होता. तो म्हणाला, "ती माणसं आपल्यासाठी उपाशी बसलीत, अन् मी इथं रांधू?" त्यानं आपल्या चुलीवर राख लोटली. समोरच्या गलबतावरही कुणीतरी तेच केलं. मग एकेक करत सगळ्या गलबतांवरच्या चुली विझल्या आणि वल्ही थांबली. राजे ओरडले, पण उपाशी राजाचा आवाज कितीसा निघणार?

शेवटी दोघेही राजे मान खाली घालून किनाऱ्याला आले. राणीनं एवढंच विचारलं, "सगळे आले का?"

राजांनी एकमेकांकडं पाहिलं. ते कुणी बघितलंच नव्हतं. फुटक्या फळ्यांना धरून माणसं अजून पाण्यात तरंगत होती. मग दोघे होडीत बसले, एकाच होडीत बरं का, आणि हाताला लागेल त्याला वर ओढत गेले. हा तुझा की माझा, हे कुणी विचारलं नाही.

सगळे आले, तेव्हा बेटावरून धूर निघाला. पहिला घास राणीच्या नातीला मिळाला. मग सगळे एका पंगतीला बसून जेवले. राजे आपापल्या घरी गेले, पण जेवणाआधी "सगळे आले का?" असं विचारायची सवय लागली त्यांना. त्यांचं बघून सगळ्या मुलखाला लागली. मग पुन्हा लढाई कुठली जमायला? सुखानं नांदली सगळी.

संपली गोष्ट. आता उठा दोघं. भात झाकून ठेवलाय. मी तरी कुठं जेवलेय अजून? तुमचीच वाट बघत होते. चला, जेवू आणि मग झोपू.