बर्फावरचा कावळा

फार दूर, जिथे उन्हाळ्यातसुद्धा समुद्रावर बर्फ तरंगतो, तिथे संशोधकांचं एक जहाज नांगर टाकून उभं होतं. त्या जहाजावर एक आचारी होता. कोकणातला, पन्नाशीचा, हाताला चव असलेला. लहानथोर सगळे त्याला मामा म्हणत.

जहाज डुललं की पातेली घसरत, म्हणून मामा ती दोरीने बांधून ठेवी आणि आमटीला फोडणी देता देता समुद्राला चार शब्द सुनावी. खिडकीतून पेंग्विन दिसत. वऱ्हाडासारखी सगळ्यांना घाई, पण जायचं कुठे ते एकालाही ठाऊक नाही. सील दिवसभर बर्फावर लोळत. मामाला हे सगळं आवडे, पण आठवण यायची ती घरच्या कावळ्याची.

त्याची आई रोज दुपारी पहिला भात परसातल्या दगडी गडग्यावर ठेवायची आणि "काव काव" अशी हाक मारायची. कावळा येईपर्यंत घरात कुणी जेवायला बसत नसे. भुकेने कळवळलेला लहानगा मामा त्या कावळ्यावर दात-ओठ खायचा. आता आई नव्हती. ती गेली तेव्हा मामा असाच कुठल्यातरी समुद्रावर होता. त्या कावळ्याचं कर्कश ओरडणंसुद्धा आता ऐकावंसं वाटे.

इथे कावळे कुठले? पण एक स्कुआ रोज जहाजाच्या कठड्यावर येऊन बसे. चांगला घारीएवढा तपकिरी पक्षी, वाकडी चोच, नजर अट्टल चोराची. मामाला तो अगदी घरचा वाटला. इथल्या कुठल्याही जिवाला खाऊ घालायचं नाही, असा कप्तानाचा नियम होता. मामाने तो नियम गुंडाळून ठेवला आणि तो रोज दुपारी त्या पक्ष्याला गुपचूप भात घालू लागला.

एक दिवस पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई स्वयंपाकघरात आल्या.

"मामा, तुमचा पाहुणा पाहुणी आहे बरं का. समोरच्या खडकावर तिचं पिल्लू आहे. ही इथे भाताची वाट बघत बसते आणि ते तिकडे थंडीत उघडं पडतं. आज तर अगदी मलूल झालंय ते."

मामाच्या हातातली पळी थांबली. "मी मायेनं घालत होतो हो, बाई."

"ठाऊक आहे. म्हणून तर कप्तानाकडे न जाता तुमच्याकडे आले."

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्याच दिवशी आईची तिथी होती. कावळा घासाला शिवला की गेलेलं माणूस तृप्त झालं, असं त्याच्या गावात मानत. शिवला नाही, तर त्या माणसाच्या मनात काहीतरी राहिलंय म्हणायचं. मग घरचे हात जोडून ते बोलून दाखवत. 'एकच दिवस,' मामाने मनाशी म्हटलं, 'एका घासाने काय होतंय?'

दुसऱ्या दिवशी त्याने भात, वडे, खीर असं सगळं रांधलं आणि पान घेऊन तो डेकवर आला. स्कुआ कठड्यावर होतीच. तिने चोच उघडली. मामाने घास उचलला, पण हात काही पुढे जाईना. त्याला खडकावरचं पिल्लू दिसू लागलं. डोळे भरून आले.

त्याने घास पानात ठेवला, पान झाकलं आणि हात जोडले. "आई, वेळेला मी तुझ्यापाशी नव्हतो. हिला तरी हिच्या पिल्लापाशी जाऊ दे."

स्कुआने बराच वेळ वाट पाहिली, मग ती चिडून ओरडली आणि उडाली. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"बसली पिल्लावर," त्या म्हणाल्या. "पंखाखाली घेतलंय."

घासाला कुणीच शिवलं नव्हतं. तरी आई तृप्त झाली, याबद्दल मामाच्या मनात तीळभर शंका उरली नाही. त्याने ते पान आत नेलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं.

तात्पर्य: आपलं मन भरावं म्हणून दिलेला घास दुसऱ्याच्या पिल्लाला भारी पडत असेल, तर तो हातातच ठेवणं ही खरी माया.